पेन्सिलनं लिहिलेली चार उत्तरं

हे मी आजवर कुणाकडेही बोललेलो नाही. बायकोकडे नाही, आमच्या स्टाफरूममध्ये नाही, देवासमोर हात जोडून उभा असतानासुद्धा नाही. देवासमोर तर मी या विषयाला हमखास बगल द्यायचो— बाकीचं सगळं मागायचो, हे सोडून. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही आहात, हे एक बरं आहे. ओळखीचा माणूस समोर असता तर मी दोन विनोद केले असते, चहा मागवला असता आणि वेळ मारून नेली असती. वेळ मारून नेणं मला फार छान जमतं.

मी सोलापुरात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवत आलो. सव्वीस वर्षं. घरी आम्ही कानडी बोलतो, वर्गात मराठी आणि फळ्यावर इंग्रजी— सोलापूरच्या माणसाला यात काही विशेष वाटत नाही. मुलांना मी आवडायचो. खोटी नम्रता कशाला दाखवू? मी बोलायला गमत्या, जरा टोचून बोलणारा, आणि माझ्या नोट्स प्रसिद्ध होत्या. हाताने लिहिलेल्या, झेरॉक्स काढून स्पायरल मारलेल्या. बार्शी, वैरागपर्यंतची पोरं त्या मागवून घ्यायची. झेरॉक्सवाला दुकानाबाहेर पाटी लावायचा, 'सरांच्या नोट्स मिळतील'. नाव लिहायचीसुद्धा गरज नव्हती. कोण सर, ते सगळ्यांना माहीत होतं. त्या पाटीवरून जाताना मी स्कूटर थोडी हळू करायचो, हेही सांगून टाकतो.

त्या नोट्समध्ये एक पान चुकीचं होतं.

थोडं रसायनशास्त्र सांगावं लागेल, कंटाळू नका. पाण्याचा रेणू घ्या. मधे ऑक्सिजन. त्याच्याभोवती इलेक्ट्रॉनच्या चार जोड्या. त्यातल्या दोन जोड्यांना एकेक हायड्रोजन धरलेला, आणि उरलेल्या दोन जोड्या नुसत्याच— त्यांना कुणी धरलेलं नाही. त्यांना आम्ही लोन पेअर म्हणतो. आता चारही जोड्या मोजल्या तर त्या एकमेकींना ढकलत चार दिशांना पसरतात. ही झाली भूमिती, हिला टेट्राहेड्रल म्हणायचं. पण आकार सांगताना फक्त अणू बघायचे, लोन पेअर बघायच्या नाहीत. मग उरतात तीन अणू, आणि ते असतात वाकड्या रेषेत. म्हणून पाण्याची भूमिती टेट्राहेड्रल, पण आकार बेंट. दोन प्रश्न, दोन वेगळी उत्तरं. एवढंच आहे. अकरावीचं पोरगं दहा मिनिटांत शिकतं.

मला ते येत नव्हतं.

हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. एम.एस्सी. झालेला माणूस, रसायनशास्त्राचा मास्तर, आणि मला भूमिती आणि आकार यांतला फरक कळलेला नव्हता. आमच्या वेळी असं दोन्ही वेगवेगळं कुणी विचारत नसे. आकार सांग म्हटलं की आकार सांगायचा, संपलं. पुढे प्रश्नपत्रिकांत दोन्ही दिसायला लागलं, तेव्हा मी नोट्समध्ये दोन रकाने आखले आणि दोन्हींत एकच शब्द लिहिला. पाणी— भूमिती बेंट, आकार बेंट. अमोनिया— भूमिती पिरॅमिडल, आकार पिरॅमिडल. काही पुस्तकंही हे दोन शब्द सैल वापरतात, त्यामुळे मला शंका यायची तेव्हा मी तेवढ्यावर समाधान मानायचो. पण शंका यायची. मग मी विचारलं का नाही कुणाला? कुणाला विचारणार? लोक मला विचारायला यायचे.

अकरा वर्षं ते पान तसंच फिरलं. किती पोरांचा किती ठिकाणी एकेक मार्क गेला असेल, मला माहीत नाही, आणि खरं सांगू— मला त्याचं तितकंसं वाटतही नाही. मला झोपू देत नाही ती एकच मुलगी.

वरलक्ष्मी तिचं नाव. भवानी पेठेतली, तेलुगू घरातली. वडील नरसय्या यंत्रमागावर कामाला, आई घरी विड्या वळायची. मुलगी दिसायला बारीक, दोन वेण्या, आणि तिसऱ्या बाकावर टोकाला बसायची. पहिले तीन महिने तिचा आवाजसुद्धा मी ऐकला नव्हता. मग एके दिवशी मी ते पान शिकवत होतो आणि तिनं हात वर केला. म्हणाली, सर, पाण्यात जोड्या चार आहेत, मग भूमिती बेंट कशी होईल?

ती जुनी शंका अशी भर वर्गात, ऐंशी पोरांसमोर उभी राहील, असं मला कधी वाटलं नव्हतं. मी काय केलं? खडू तिच्यापुढे धरला आणि म्हणालो, "या मॅडम, आजपासून तुम्ही शिकवा, मी तुमच्या बाकावर बसतो." वर्ग खो खो हसला. तीही हसली थोडीशी, खाली बघून. मी पुढे शिकवायला लागलो. इथवर तरी ठीक होतं म्हणा ना. टोमणे मारणारे मास्तर काय कमी असतात?

दिवाळीनंतर कॉलेजनं एक चाचणी ठेवली. तिच्यातून वीस मुलं निवडायची आणि त्यांची एक खास तुकडी करायची— बाहेरून येणारे शिक्षक, पुस्तकं, अभ्यासाला वेगळी खोली, डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची सगळी तयारी संस्थेकडून. ज्यांच्या घरी बाहेरचा क्लास लावणं शक्य नव्हतं त्यांच्यासाठी ही एकच वाट होती. वरलक्ष्मीच्या घरी ते शक्य नव्हतं. रसायनशास्त्राचा पेपर मी काढला, मीच तपासला. त्यात प्रश्न होता: पुढील चार रेणूंच्या आकृत्या काढून भूमिती आणि आकार लिहा. आठ मार्क.

तिनं चारही आकार बरोबर लिहिले होते. चारही भूमित्या माझ्या नोट्सपेक्षा वेगळ्या होत्या. मी लाल शाईचं पेन घेतलं आणि चारही शब्दांवर आडव्या फुल्या मारल्या. शब्दांवरच, बाजूला नाही. चार मार्क गेले. ती यादीतून दोन मार्कांनी राहिली.

तरी इथपर्यंत मी फक्त अडाणी होतो. अडाणीपणाला माफी असते, असं मी पोरांना सांगायचो. पुढचं ऐका.

पेपर बघायला म्हणून मुलांना घरी न्यायला दिले, दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्टाफरूमच्या दारात आली. एका हातात उत्तरपत्रिका, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. डब्यात कणकेचा घट्ट गोळा होता आणि त्यात झाडूच्या चार काड्या खोचलेल्या होत्या, चार दिशांना. दोन काड्यांच्या टोकाला भिजवलेला एकेक हरभरा. दोन काड्या मोकळ्या. तिनं ते माझ्या टेबलावर ठेवलं. म्हणाली, सर, ह्या चार जोड्या, ही भूमिती. मग तिनं मोकळ्या दोन काड्या हळूच उपटल्या आणि म्हणाली, आता हा आकार. काड्या होत्या म्हणून तर हरभरे असे वाकडे बसले, नसत्या तर सरळ समोरासमोर बसले असते ना सर?

सर म्हणताना ती खरंच विचारत होती. मला अडकवायला आली नव्हती ती. तिला वाटलं होतं की सरांच्या लिहिण्यात नजरचूक झाली असेल, दाखवलं की सर दुरुस्त करतील. पोरांना आपल्याबद्दल किती चांगलं वाटत असतं!

मी म्हटलं, मार्क बदलायचे तर प्राचार्यांची सही लागते, उद्या पेपर घेऊन ये आणि घरच्यांनाही आण. तो नियमच होता. पण मी नियमासाठी बोललो नाही. मला फक्त ती टेबलासमोरून जायला हवी होती.

ती गेली, डबा घेऊन गेली, उपटलेल्या दोन काड्या टेबलावरच राहिल्या. मी त्या हातात घेऊन बसलो आणि मला कळलं. आयुष्यात पहिल्यांदा ते मला पूर्ण, स्वच्छ कळलं. घरी जाऊन पुस्तक उघडलं, त्यात तेच होतं. कसं सांगू काय वाटलं? खरं तर आधी आनंदच झाला— काहीतरी कळल्याचा असतो ना, तसा. मग घाम फुटला. जेवताना बायकोनं कानडीत विचारलं, काय झालं, बरं नाही का? मी म्हटलं, पेपर तपासून डोकं धरलंय. पण त्या रात्री झोपताना माझं ठरलेलं होतं. उद्या सांगायचं, माझी चूक झाली, चार मार्क वाढवा. ठरलेलं होतं हो माझं. हे मी स्वतःची बाजू मांडायला सांगत नाही, उलट आहे. मला सगळं माहीत होतं. पुढे जे बोललो ते माहीत असून बोललो.

दुसऱ्या दिवशी नरसय्या आला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, कपाळाला गंध. मागावरची पाळी बुडवून आला होता. मुलीचे मार्क वाढणार, ती त्या तुकडीत जाणार, हे ऐकायला आला होता तो. प्राचार्यांच्या केबिनमध्ये खुर्चीवर बस म्हटलं तरी बसला नाही, भिंतीला टेकून उभा राहिला.

प्राचार्यांच्या टेबलावर माझ्या नोट्स होत्या. संस्थेनं त्या पुस्तक म्हणून छापायचं ठरवलं होतं, माझ्या नावानं, सगळ्या कॉलेजांना वाटायला. मला ते माहीत होतं, पण ती स्पायरलची वही त्या क्षणी तिथं असेल हे माहीत नव्हतं. प्राचार्य इतिहासाचे, त्यांना यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी हसून विचारलं, "बोला सर, किती मार्क वाढवायचे?"

मी उत्तरपत्रिका हातात घेतली. चार मार्क म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, का? मग ते पान निघालं असतं. मग अकरा वर्षं निघाली असती. हा सगळा हिशेब माझ्या डोक्यात किती वेळात झाला असेल? पंख्याचं एक चक्कर होईल तेवढ्यात.

मी म्हणालो, "सर, उत्तरं बरोबर आहेत. पण ही नंतर लिहिलेली आहेत. पेपर घरी नेऊन खोडून लिहिलेत."

बघा किती हुशारीनं बोललो. तिचं उत्तर बरोबर आहे असंही म्हणालो. म्हणजे मला विषय येतो. माझं तपासणंही बरोबर. चूक फक्त तिची, आणि तीही अभ्यासातली नाही, वागण्यातली.

प्राचार्यांनी चष्मा लावून कागद बघितला. उत्तरं पेन्सिलनं होती. एके ठिकाणी, पाण्याच्या आकृतीपाशी, खोडल्याची खूण होती. त्यांनी तिला विचारलं, "पेन्सिलनं का लिहिलंस गं?"

इथे मला थांबावं लागतं. दर वेळी मनात हे सगळं घोकताना मी इथेच थांबतो. आकृती आणि आकृतीशेजारचं प्रत्येक नाव पेन्सिलनंच लिहायचं, हा माझा नियम होता. माझाच. पहिल्या दिवशी मी तो वहीत लिहून घ्यायचो, शाईनं लिहिलं तर अर्धा मार्क कापायचो. ऐंशीच्या ऐंशी पेपर पेन्सिलनं होते. ती ते सहज बोलू शकली असती. ती बोलली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मी सांगेन म्हणून वाट बघत राहिली. किती वेळ बघत होती? मी खिडकीबाहेर बघत होतो, तिथं सायकल स्टँडवर कुणीतरी सायकली नीट लावत होतं, ते बघत होतो.

आणखी एक. माझ्या लाल फुल्या शब्दांवर होत्या ना? पेन्सिलचा शब्द खाली, लाल शाई वर. नंतर खोडून लिहिलं असतं तर शाई फाटली असती, पेन्सिल वर आली असती. नीट बघणाऱ्याला तिथंच सगळं दिसलं असतं. प्राचार्यांकडून कागद परत घेतला तेव्हा मी त्या पहिल्या फुलीवर अंगठा ठेवून तो धरला. कुणी मागितला नव्हता. मी आपला अंगठा ठेवला.

नरसय्यानं तिला तेलुगूत काहीतरी विचारलं. मला बाजारापुरती तेलुगू कळते. तिनं दिलेलं उत्तर कळलं, 'लेदू'. नाही. दोनदा म्हणाली. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या जागी असतो तर कुणावर विश्वास ठेवला असता? मी शर्ट-पॅन्टमधला, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र अडकवलेला माणूस. तो दोन पावलं पुढे आला आणि त्यानं माझ्यापुढे हात जोडले.

"सर, तुमी कशाला खोटं बोलताल? पोरगी चुकली. लई चुकली. पदरात घ्या."

मी म्हटलं, असू दे, लहान आहे.

असू दे, लहान आहे! माफ केलं मी तिला. मोठ्या मनानं.

उत्तरपत्रिका मी ठेवून घेतली. दुपारी प्रयोगशाळेत कुणी नसताना ती सिंकमध्ये टाकून नळ सोडला. लाल शाई लगेच पसरली, गुलाबी पाणी झालं आणि गेलं. पेन्सिल गेली नाही. पेन्सिल पाण्यानं जात नसते, हे रसायनशास्त्राच्या मास्तरला आठवायला हवं होतं. ओला कागद खिडकीच्या उजेडात धरला तर खोडलेल्या जागी जुना दाब दिसत होता. तिथं आधी 'बेंट' लिहिलेलं होतं. माझ्या नोट्समधलं उत्तर. म्हणजे परीक्षेत बसून तिनं आधी माझं उत्तर लिहिलं, मग तिला ते चूक वाटलं, मग तिनं धीर करून ते खोडलं आणि खरं लिहिलं. बाकीच्या तीन ठिकाणी खाडाखोड नव्हती. एकदा धीर झाल्यावर मग तिला खोडावं लागलं नव्हतं. मी कागदाचे तुकडे केले आणि कचऱ्यात टाकले.

नरसय्यानं अकरावीनंतर तिला कॉलेजातून काढलं. फसवून डॉक्टर होण्यापेक्षा विड्या वळलेल्या बऱ्या, असं म्हणाला म्हणे. चार वर्षं तिनं आईबरोबर विड्या वळल्या. मग वैरागला दिली, तिथं नवऱ्याचं साड्यांचं छोटं दुकान आहे.

नोट्सचं पुस्तक निघालं. त्यात ते पान दुरुस्त करून घातलं, कुणालाही कळू न देता. आणि त्या वर्षापासून मी हा धडा कणकेचा गोळा, झाडूच्या काड्या आणि हरभरे घेऊन शिकवतो. काड्या उपटून दाखवल्या की वर्ग टाळ्या वाजवतो. हा धडा सरांसारखा कुणी शिकवत नाही, असं जुनी पोरं अजून सांगतात. एखाद्या शहाण्या लेखकाला इथे लोन पेअरवरून काहीतरी सुंदर बोलता येईल, न दिसणारी गोष्ट कशी आतून ढकलत राहते वगैरे. मी बोलणार नाही. ते उदाहरणही मी तिच्याकडूनच चोरलंय, त्यावर आणखी कमाई नको.

तुम्ही म्हणाल, नंतर का नाही सांगितलं? सांगायची संधी मला वर्षातून एकदा घरपोच मिळत होती. दर दसऱ्याला नरसय्या माझ्याकडे सोनं द्यायला यायचा. आपट्याची पानं हातात ठेवायचा, वाकायचा— माझ्याच वयाचा माणूस— आणि दर वर्षी तेच म्हणायचा. "सर, तवा तुमी पकडलं म्हनून पोरगी सुदारली. न्हाय तर वाया गेली असती." बायको आतून फराळाची ताटली आणायची. मी त्याला खायला लावायचो, मागांचं कसं चाललंय विचारायचो. दर वर्षी वाटायचं, आज सांगू. गेटपर्यंत त्याला पोचवायला जायचो ते त्याचसाठी. गेटपाशी उभं राहून आम्ही पाणी कधी येतं यावर बोलायचो— सोलापुरात त्या विषयावर कितीही वेळ बोलता येतं. मग तो जायचा. असे आठ दसरे.

एकदा मात्र त्यानंच गेटपाशी विचारलं होतं. दोनेक वर्षं झाली असतील. म्हणाला, "सर, एक सांगा. पोरगी अजून कबूल होईना. लगीन झालं, पोर झालं तिला, तरी न्हायच म्हनती. एकदा व्हय म्हनली असती तर मी इसरलो असतो बघा सगळं. माझ्याशी खोटं बोलती ह्येच लागतं मनाला." मी काय म्हटलं? मी म्हटलं, मुलांना लाज वाटते, वेळ द्या.

मी असा माणूस आहे.

नवव्या दसऱ्याला तो आला नाही. मी संध्याकाळपर्यंत बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. आला नाही म्हणून बरंही वाटलं, हे लपवून काय करू? नंतर कळलं, छाती धरलीय, मागावरचा कापूस आयुष्यभर नाकातोंडात गेलेला, आता अंथरुणाला खिळलाय. तेव्हा जायला हवं होतं. तेव्हा तो जिवंत होता, ऐकू येत होतं त्याला, आणि भवानी पेठ माझ्या घरापासून स्कूटरवर किती लांब आहे? पंधरा मिनिटं. मी उद्या जाऊ, रविवारी जाऊ करत राहिलो. परीक्षा होत्या, पेपर होते. कारणं माझ्याकडे नेहमी असतात.

तो गेल्याचं मला त्याच झेरॉक्सवाल्यानं सांगितलं. तेव्हा गेलो. तेरावा झालेला होता. सकाळची वेळ, गल्लीत विड्यांच्या पानांचा वास, दारात सुपं. तिनंच दार उघडलं. वैरागहून येऊन राहिली होती. अंगानं भरलीय आता, कडेवर दोन वर्षांची मुलगी. मला वाटलं होतं, दार लावून घेईल. लावायला हवं होतं. ती म्हणाली, या सर, बसा. सतरंजी टाकली, आत जाऊन चहा टाकला. भिंतीवर नरसय्याचा फोटो, त्याच पांढऱ्या शर्टमधला.

मी पाठ करून गेलो होतो. अक्षरशः पाठ, पोरं व्याख्या पाठ करतात तसं. वरलक्ष्मी, त्या दिवशी मी— एवढ्यापासून सुरुवात होती. तोंड उघडलं आणि मी विचारलं, शेवटी फार त्रास झाला का?

तिनं मुलीला मांडीवर घेतलं आणि सांगायला लागली. आवाज शांत होता. म्हणाली, शेवटचे आठ दिवस बोलणं कमी झालं होतं, पण त्यांच्या डोक्यात तेच एक होतं सर. मला जवळ बोलवून विचारायचे, आता तरी खरं सांग, मी रागावणार न्हाय. रोज विचारायचे. दम लागायचा, तरी विचारायचे.

"मग मी व्हय म्हनलं," ती म्हणाली. "म्हनलं, बाबा, सर खरं बोलले. मीच नंतर लिवलं. चुकलं माझं."

मी बशीतला चहा बघत होतो.

"लई बरं वाटलं त्यांना. डोक्यावर हात ठिवला माझ्या. म्हनले, मी कवाच माफ केलंय. मग दोन दिवसांनी गेले."

तिनं हे सांगितलं आणि माझ्याकडे बघितलं. प्राचार्यांच्या केबिनमध्ये बघितलं होतं तसंच, वाट बघत. राग नव्हता. राग असता तर मला सोपं झालं असतं. खोली एवढीशी, आम्ही दोघं, आणि एक बोलता न येणारं पोर. कुणाचं भय होतं मला? नोट्स कुणी विचारत नाही आता, पोरं सगळं मोबाईलवर बघतात. मी दोन महिन्यांनी निवृत्त होणार होतो. काहीही, काहीही जाणार नव्हतं माझं.

मी म्हणालो, "बरं केलंस."

तिनं मुलीला मांडीवरून खाली ठेवलं. मग माझ्या हातातली कपबशी घेतली आणि आत गेली. मी चपला घातल्या.

वरलक्ष्मीनं ती उत्तरं घरी नेऊन लिहिली नव्हती. परीक्षेत, माझ्यासमोर बसून लिहिली होती. चारही बरोबर होती, आणि मी खोटं बोललो तेव्हा ते मला माहीत होतं.